टॅग माणसाने लावायचा, बाकीचं यंत्राने

एका जुन्या प्रोजेक्टवर आमच्याकडे ‘रिलीज’ नावाची एक फाइल होती. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लोकांपर्यंत पोचवायच्या तिच्यात २३ पायऱ्या. व्हर्जनचा आकडा कुठल्या चार ठिकाणी बदलायचा, कुठली कमांड आधी आणि कुठली नंतर, तयार झालेली फाइल कुठे चढवायची, मेल कोणाकोणाला पाठवायची. सोळाव्या पायरीपुढे कोणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘इथे जरा थांबा, मग पुढे जा.’ किती थांबायचं आणि कशासाठी, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नव्हतं. तरी आम्ही सगळे इमानेइतबारे थांबायचो.

एकदा या सगळ्या पायऱ्या बिनचूक पार पाडून रिलीज गेलं आणि तासाभरात तक्रारी सुरू झाल्या: लॉगिनच होत नाही. आम्ही तिघे जण कोड खालून वर, वरून खाली वाचत बसलो. कोडमध्ये काहीच सापडेना. दोन तासांनी उलगडा झाला. ज्याच्या लॅपटॉपवर बिल्ड केलं होतं, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार केलं होतं, त्याने आदल्या दिवशी काहीतरी तपासायला कॉन्फिगच्या (सेटिंगच्या) फाइलमध्ये टेस्ट सर्व्हरचा पत्ता घातला होता. तो बदल त्याने कमिट केला नव्हता, म्हणजे नोंदवला नव्हता, त्यामुळे गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या वहीत, त्याचा मागमूस नव्हता. पण बिल्ड त्याच फोल्डरमधून झालं, म्हणून लोकांपर्यंत गेलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो बसलेला होता. कोडमध्ये नसलेली चूक आम्ही कोडमध्ये शोधत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्या मुलाची चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. लॅपटॉप हा काम करण्यासाठी असतो, त्यावर अर्धवट गोष्टी पडलेल्या असणारच. त्याच लॅपटॉपवरून रिलीज काढायचं, ही आमची पद्धत चुकीची होती.

कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं ‘सीआय’, यावरचा उपाय आहे. मात्र त्याचा जन्म वेगळ्याच दुखण्यातून झाला. पाच-सहा जण एकाच सॉफ्टवेअरवर महिना-महिना आपापल्या कोपऱ्यात काम करायचे आणि शेवटी सगळ्यांचे तुकडे जोडायला बसायचे. एकाने फंक्शनचं नाव बदललेलं, दुसरा जुन्याच नावाने हाक मारतोय, तिसऱ्याने ते फंक्शन काढूनच टाकलंय. ही जोडाजोड कधीकधी मूळ कामापेक्षा जास्त दिवस खायची. ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ हे नाव संगणकशास्त्रज्ञ ग्रेडी बूच यांनी १९९१ साली वापरलं, आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग नावाची कामाची पद्धत मानणाऱ्यांनी ती कल्पना टोकाला नेली: महिन्याने एकदा जोडताना त्रास होतो ना, मग दिवसातून अनेकदा जोडा. प्रत्येक वेळी जोडायला थोडंच असेल आणि काही बिघडलं तर ते गेल्या तासाभरातल्याच बदलात असेल.

दिवसातून अनेकदा हाताने तपासणं कोणालाच जमणार नाही, म्हणून ते काम यंत्राकडे गेलं. २००५ च्या सुमाराला आलेलं हडसन (२०११ पासून त्याचं नाव जेन्किन्स), मग ट्रॅव्हिस, गिटलॅब, २०१९ पासून सर्वांसाठी खुलं झालेलं गिटहब अ‍ॅक्शन्स, ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. कोणतंही घ्या, आतलं यंत्र साधारण असंच चालतं. तुम्ही कोड पुश केला, म्हणजे सर्वांच्या सामायिक साठ्यात पाठवला, की सीआयला खबर जाते. ते एक कोरं मशीन उभं करतं. त्यावर तुमचा कोड गिटमधून उतरवतं, लागणाऱ्या लायब्ररी (इतरांनी लिहिलेले तयार तुकडे) बसवतं, बिल्ड करतं, टेस्ट चालवतं. सगळं पार पडलं तर हिरवं, कुठे अडलं तर लाल. काम झालं की ते मशीन मोडीत. ही सगळी कृती एका फाइलमध्ये लिहिलेली असते. बहुतेक ठिकाणी ती यॅमल या प्रकारची असते, जिच्यात एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी रुसवा येतो. ही फाइल कोडच्या शेजारी गिटमध्येच राहते. म्हणजे रिलीजची रीत कोणी, कधी, का बदलली याचाही इतिहास राहतो.

या वर्णनातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘कोरं’ हा आहे. त्या मशीनवर कोणाचा अर्धवट बदल नाही, तीन वर्षांपूर्वी बसवलेली आणि विसरलेली लायब्ररी नाही. जे गिटमध्ये आहे तेवढंच त्याला दिसतं. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य तिथे संपतं, कारण आता प्रश्न कोणाच्याच मशीनचा उरत नाही. आमच्याकडे त्या दिवशी सीआयने बिल्ड केलं असतं तर टेस्ट सर्व्हरचा पत्ता बाहेर पडूच शकला नसता.

निर्णय कुठे संपतो

आता हिरवं झालेलं बिल्ड आणि रिलीज यांच्यात नेमकं काय उरतं ते बघा. आकडा ठरवायचा. मागच्या वेळेपासून काय बदललं याची यादी करायची. पक्कं बिल्ड करायचं, त्यावर डिजिटल सही करायची, जिथून लोक घेतात तिथे चढवायचं, सर्व्हरवर चालणारं असेल तर तिथे बसवायचं, आणि सांगायचं. यातल्या किती कामांना माणसाचं डोकं लागतं? माझ्या मते एकाच: ‘आत्ता, या कमिटपाशी रिलीज काढायचं’ एवढं ठरवायला. बाकी सगळी हातांची कामं आहेत, आणि कंटाळलेल्या हातांपेक्षा यंत्र बरं.

हा निर्णय यंत्राला कळवायची सर्वात प्रचलित रीत म्हणजे गिटचा टॅग. टॅग म्हणजे एका विशिष्ट कमिटला लावलेली चिठ्ठी. तुम्ही १.४.० नावाचा टॅग लावून पुश केला की पाइपलाइन, म्हणजे सीआयच्या फाइलमधली पायऱ्यांची साखळी, जागी होते आणि बरोबर त्याच कमिटपासून पुढचं सगळं करते. आकडा टॅगमधूनच उचलला जातो, त्यामुळे चार ठिकाणी बदलण्याचा आणि तीनच ठिकाणी बदलला जाण्याचा प्रश्न येत नाही. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की १.४.० मध्ये नेमका कुठला कोड होता, तर उत्तर एका कमांडवर.

आकड्यांचीही एक रूढ भाषा आहे. पहिला आकडा वाढला तर जुन्याशी न जुळणारा बदल आहे, दुसरा वाढला तर नवी सोय आहे, तिसरा वाढला तर फक्त दुरुस्ती. ही भाषा इतकी ठरीव आहे की काही टीम आकडासुद्धा यंत्रालाच काढू देतात: कमिटच्या संदेशाच्या सुरुवातीला ‘फीट’ लिहिलं असेल तर नवी सोय, ‘फिक्स’ असेल तर दुरुस्ती. बदलांची यादीही त्याच संदेशांतून तयार होते. चांगली टीम असेल तर हे सुरेख चालतं. पण ज्यांच्या इतिहासात ‘फिक्स’, ‘पुन्हा फिक्स’, ‘आता नक्की फिक्स’ अशी मालिका आहे, त्यांची यादीही तशीच छापली जाते, आणि ती वापरणाऱ्याच्या हातात पडते. मी स्वतः आकडा यंत्राला काढू देतो, पण यादी प्रसिद्ध करण्याआधी एक माणूस ती वाचतो.

दोन अडचणी इथे जवळपास प्रत्येकाला गाठतात, म्हणून सांगून ठेवतो. गिटहबवर (कोड ठेवायची प्रसिद्ध वेबसाइट) सीआय कोड उतरवताना, वेगळं सांगितलं नाही तर, फक्त शेवटचा कमिट आणतं. वेळ वाचावा म्हणून ते तसं असतं, पण त्यामुळे आधीचे टॅग त्याला दिसतच नाहीत. मग ‘मागच्या रिलीजपासूनचे बदल’ काढायला गेलं की यादी रिकामी येते आणि तुम्ही स्क्रिप्टला दोष देत बसता. पूर्ण इतिहास आण, असं एका ओळीत सांगितलं की झालं. दुसरी अडचण जास्त खट्याळ आहे. टॅग जर पाइपलाइनने स्वतःच, तिला आपोआप मिळणाऱ्या टोकनने (तात्पुरत्या पासने) पुश केला, तर त्या टॅगमुळे दुसरी पाइपलाइन सुरू होत नाही. एकीने दुसरीला, दुसरीने पहिलीला उठवत बसू नये म्हणून गिटहबने मुद्दाम केलेली ही सोय आहे. परिणाम असा की टॅग दिसतो, सगळं हिरवं दिसतं, आणि रिलीज मात्र झालेलंच नसतं.

आणखी एक. पायथन भाषेच्या पायपीआयवर किंवा जावास्क्रिप्टच्या एनपीएमवर, म्हणजे तयार लायब्ररींच्या कोठारांवर, एकदा चढवलेला आकडा पुन्हा वापरता येत नाही. १.४.० मध्ये चूक राहिली तर १.४.१ काढा, जुनं पुसून त्याच नावाने नवं ठेवता येणार नाही. हा नियम जाचक वाटतो, पण एकाच आकड्याखाली आज एक आणि उद्या दुसरंच सॉफ्टवेअर मिळण्यापेक्षा बरा. म्हणून रंगीत तालीम हवी. पायथनवाल्यांसाठी टेस्टपायपीआय नावाची वेगळी जागा त्यासाठीच आहे.

एकदाच बनवा

टेस्टसाठी एक बिल्ड आणि लोकांना देण्यासाठी दुसरं, असं अनेक ठिकाणी चालतं. कोड तोच आहे ना, मग फरक काय? फरक असा की दोन बिल्डच्या मधल्या वेळात एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आलेली असू शकते. म्हणून बिल्ड एकदाच करायचं, त्याची एसएचए-२५६ बेरीज (फाइलमध्ये काहीही बदललं की बदलणारा ठसा) नोंदवून ठेवायची, आणि तीच फाइल टेस्टच्या सर्व्हरवर, मग खऱ्या सर्व्हरवर न्यायची. ज्याची परीक्षा घेतली तेच बाहेर जातंय, याची खात्री त्या बेरजेवरून होते.

सर्व्हरवर बसवण्याचं काम हाताने केलं तर किती महाग पडू शकतं, याचं उदाहरण शेअर बाजारातलं आहे. नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीने २०१२ मध्ये आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवला. चढवणाऱ्याकडून एक सर्व्हर राहून गेला. सातावर नवा कोड, आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना तुकडा अजून पडून. नव्या कोडने एक जुनीच खूण नव्या कामासाठी वापरली होती. १ ऑगस्टला बाजार उघडला, ती खूण आठव्या सर्व्हरला दिसली आणि तो जुना तुकडा जागा होऊन धडाधड सौदे करू लागला. गोंधळात त्यांनी इतर सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला. आता आठही सर्व्हर जुन्यावर आले आणि आग आणखी भडकली. ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे आणि ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान. अमेरिकी बाजार नियामकाच्या नंतरच्या आदेशात हेही नोंदलं आहे की चढवलेलं सगळीकडे पोचलं का, हे दुसऱ्या कोणी तपासलंच नाही. आठांच्या आठ सर्व्हरवर तीच बेरीज आहे का, हे बघायला स्क्रिप्टच्या चार ओळी पुरतात.

यंत्राने केलं असतं तर आठवा सर्व्हर राहिला नसता. पण तोच गुण उलटाही फिरतो: यंत्र चूकसुद्धा तितक्याच काटेकोरपणे सगळीकडे पोचवतं. १९ जुलै २०२४ ला सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्राउडस्ट्राइकने विंडोज मशीनसाठी एक छोटं अपडेट सोडलं. ते तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच दोष होता, त्याने पसंतीची मोहोर उमटवली, आणि अपडेट एकदम सगळ्यांकडे गेलं. ७८ मिनिटांत त्यांनी ते मागे घेतलं, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. जे मशीन सुरूच होत नाही त्याला दुरुस्तीचं अपडेट तरी कसं मिळणार? लोकांना एकेका मशीनपाशी जाऊन हाताने दुरुस्ती करावी लागली.

म्हणून शहाणी पाइपलाइन एका दमात सगळीकडे जात नाही. आधी शंभरातल्या एकाला नवं देते, थोडा वेळ थांबते, चुकांचं प्रमाण वाढलं नाही ना बघते, मग दहांना, मग सगळ्यांना. वाढलं तर स्वतःच मागे फिरते. हे मागे फिरणं सोपं ठेवायचं असेल तर डेटाबेसकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. कोड क्षणात जुना करता येतो, पुसलेला कॉलम परत येत नाही. नवा कॉलम एका रिलीजमध्ये जोडायचा, जुना वापरणं दुसऱ्यात थांबवायचं आणि तो काढून टाकायचा तिसऱ्यात. कंटाळवाणं आहे, पण मधल्या कुठल्याही टप्प्यावर मागे येता येतं.

शेवटचं बटण माणसाने दाबायचं की तेही यंत्राने, यावर दोन नावं आहेत. कधीही सोडता येईल अशा तयारीत सॉफ्टवेअर ठेवायचं आणि सोडायचं माणसाने, ती कंटिन्युअस डिलिव्हरी. हिरवं झालं की थेट लोकांपर्यंत, ती कंटिन्युअस डिप्लॉयमेंट. वेबसाइटला दुसरी शोभते. लोकांच्या मशीनवर बसणाऱ्या सॉफ्टवेअरला पहिलीच बरी, असं माझं मत आहे.

हिरव्या रंगाबद्दल एक गोष्ट. पाइपलाइनची अक्कल टेस्टइतकीच असते. काहीच न तपासणारी टेस्टही हिरवीच दिसते. त्याहून वाईट म्हणजे कधी पास, कधी नापास होणारी लहरी टेस्ट. ‘ती तशीच आहे, पुन्हा चालव’ ही सवय टीमला लागली की खरं लाल आलं तरी लोक पुन्हा चालवतातच. लहरी टेस्ट त्याच दिवशी बाजूला काढून दुरुस्त करावी. वेळेचंही तसंच. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगवाल्यांनी बिल्ड आणि टेस्टसाठी दहा मिनिटांची मर्यादा सांगितली होती आणि ती आजही चपखल आहे. चाळीस मिनिटं लागणारी तपासणी लोक टाळतात, किंवा पाच बदल साठवून एकदम पाठवतात. मग आपण फिरून सुरुवातीच्या जोडाजोडीवरच येतो.

किल्ल्या कोणाकडे

रिलीज यंत्राकडे गेलं की सहीची किल्ली, चढवायचे पासवर्ड, सर्व्हरचा प्रवेश हेही यंत्राकडे जातं. चोराच्या नजरेतून बघितलं तर आता सगळी तिजोरी एका जागी आली. २०२० च्या डिसेंबरमध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात हल्लेखोर बिल्डच्या सर्व्हरवरच बसले होते. कंपाइल होण्याच्या क्षणी ते एक फाइल बदलायचे आणि नंतर परत जागेवर ठेवायचे. त्यामुळे कोड स्वच्छ, सही खरी, आणि आतला माल विषारी. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते अपडेट गेलं.

मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या, पाइपलाइनमध्ये जोडता येणाऱ्या एका लोकप्रिय तयार अ‍ॅक्शनचे टॅग कोणीतरी दुसऱ्याच, घातक कमिटवर नेऊन चिकटवले. ती अ‍ॅक्शन २३,००० हून अधिक रिपॉझिटरी (प्रोजेक्टचे कोडसाठे) वापरत होत्या. ज्यांच्या पाइपलाइन त्या वेळात चालल्या, त्यांची गुपितं लॉगमध्ये छापली गेली. मघाशी मी टॅगला चिठ्ठी म्हटलं ते याचसाठी: चिठ्ठी काढून दुसरीकडे लावता येते. दुसऱ्याची अ‍ॅक्शन वापरताना टॅगऐवजी कमिटचा पूर्ण हॅश (त्याचा न बदलणारा ओळखक्रमांक) लिहावा, आणि आपल्या रिलीजच्या टॅगना हलवता येणार नाहीत असं कुलूप लावावं. पासवर्ड तर साठवूच नयेत, जमेल तिथे. पायपीआयने एप्रिल २०२३ मध्ये अशी सोय आणली की सीआय आपली ओळख पटवतं आणि त्याला फक्त पंधरा मिनिटं चालणारं टोकन मिळतं. जे पंधरा मिनिटांत मरतं ते चोरूनही फारसा उपयोग नाही.

यावर कोणी म्हणेल, मग माणसाच्या लॅपटॉपवरच काय वाईट होतं? २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण बघा. लिनक्समध्ये जागोजागी वापरल्या जाणाऱ्या या छोट्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली होती. विषाच्या पुड्या टेस्टच्या फायली म्हणून गिटमध्ये होत्या, पण त्या उघडणारी बिल्डची स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती. ती होती फक्त सांभाळकर्त्याने स्वतः तयार करून चढवलेल्या रिलीजच्या टारबॉलमध्ये (फायलींच्या गाठोड्यात). प्रोग्रामर आन्द्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं खटकलं, म्हणून ते सापडलं. गिटमध्ये एक आणि टारबॉलमध्ये दुसरं: आमच्या त्या लॉगिनच्या घोळात नेमकं हेच झालं होतं, फक्त तिथे कोणाचा वाईट हेतू नव्हता.

सुरुवात करायची तर सगळं एकदम यंत्रावर टाकू नका. आम्ही आमची २३ पायऱ्यांची फाइल घेतली आणि दर रिलीजला दोन-तीन पायऱ्या स्क्रिप्टमध्ये हलवल्या, सर्वात जास्त चुकणाऱ्या आधी. काही पायऱ्या हलवताना लक्षात आलं की त्यांची गरजच उरलेली नाही. २३ च्या १४ झाल्या. स्क्रिप्टला ‘तालीम’ असा एक पर्याय दिला, ज्यात ती सगळं करते पण चढवत नाही. तो रोज रात्री चालायचा, त्यामुळे रिलीजच्या दिवशी पहिल्यांदाच कळलं असं काही राहिलं नाही.

सोळाव्या पायरीने मात्र दमवलं. ‘जरा थांबा’ हे यंत्राला कसं सांगायचं? आधी ६० सेकंद झोप असं लिहिलं. कधी चालायचं, कधी नाही. मग लॉग काढून पाहिले तेव्हा कळलं की चढवलेली फाइल डाउनलोडच्या सर्व्हरवर दिसायला वेळ लागतो आणि पुढची पायरी तिथूनच ती मागते. आता स्क्रिप्ट दर दहा सेकंदांनी विचारते, ‘आली का?’ बेरीज जुळली की पुढे जाते. पाच मिनिटांत आली नाही तर लाल होऊन थांबते आणि कोणती फाइल अडली ते नावानिशी लिहिते.